अटकेची नोंद सील करून देणाऱ्या वकीलबाईंना

आदरणीय वकीलबाई,

सादर नमस्कार.

कॅलिफोर्नियात पब्लिक डिफेंडरच्या, म्हणजे सरकारी खर्चाने आरोपींची बाजू मांडणाऱ्या वकिलांच्या, कचेरीतलं तुमचं मदत केंद्र, तिथे येणारी मराठी माणसं आणि त्यांच्यासाठी दुभाषी म्हणून बसणारे आम्ही, या सगळ्यांच्या वतीने हे आभाराचं पत्र. ते उघड लिहितो आहोत, कारण जे तुमच्यापर्यंत पोचू शकलेले नाहीत त्यांनाही तुम्ही दाखवलेली वाट कळायला हवी.

‘केस डिसमिस झाली, आता काय राहिलं?’ असं म्हणत लोक येतात. अटकेच्या वेळी बोटांचे ठसे घेतले की राज्याच्या न्याय खात्यात नोंद होते आणि खटला सुटला तरी ती तिथेच राहते, हे तुम्ही न कंटाळता समजावता. ती सील, म्हणजे लोकांच्या नजरेआड, करण्यासाठी मग पहिलं काम सांगता: लाइव्ह स्कॅन (बोटांचे डिजिटल ठसे) करून स्वतःची रॅप शीट, म्हणजे अटका आणि खटल्यांची सरकारी नोंद, मागवा. खात्याची फी २५ डॉलर, ठसे घेणाऱ्याचे पैसे वेगळे. उत्पन्न कमी असेल तर खात्याची फी माफ होते. रॅप शीट हातात आल्याशिवाय तुम्ही सील करण्याच्या अर्जाला हात लावत नाही, आणि ते अगदी योग्य आहे. अटकेची तारीख, पकडणारी पोलीस यंत्रणा, केस नंबर आणि कलमं अर्जात बिनचूक लागतात. आठवणीवर भरलेला फॉर्म इथेच अडकतो.

२०२२ पासून बऱ्याच नोंदी खातं आपणहून झाकतं, १ जानेवारी १९७३ पासूनच्या अटकांसाठी. पण खात्याच्या दफ्तरात निकालच चढलेला नसेल, तर केस सुटली हे यंत्रणेला कळणार कसं? अशांसाठी दंड संहितेच्या कलम ८५१.९१ खालचा अर्ज उरतो, फॉर्म सीआर-४०९. त्याला कोर्टाची फी नाही. आरोपपत्रच दाखल झालं नाही आणि खटला भरण्याची मुदत संपली, खटला रद्द झाला व पुन्हा उभा राहू शकत नाही, निर्दोष सुटका झाली, किंवा शिक्षा अपिलात रद्द झाली, तर हा अर्ज हक्काचा असतो. ही मुदत साधारणपणे मिसडिमिनरला (किरकोळ गुन्ह्याला) एक वर्ष, बहुतेक फेलनींना (गंभीर गुन्ह्यांना) तीन. काही गुन्ह्यांना बरीच जास्त, आणि खुनाला मुदतच नाही. घरगुती हिंसा किंवा मुलं-वृद्धांच्या छळाच्या अटका वारंवार झाल्या असतील तर हक्क उरत नाही. तिथे सील करणं न्यायाच्या हिताचं का आहे, हे न्यायाधीशांना पटवावं लागतं. त्यासाठी नोकरीची, समाजकार्याची पत्रं जोडायला तुम्ही सांगता.

अर्ज सर्वांत जास्त बिघडतात ते प्रती पोचवण्यात. सुनावणीच्या किमान १५ दिवस आधी सरकारी वकील आणि अटक करणारी यंत्रणा, दोघांनाही प्रत मिळायला हवी. ती अर्जदाराने स्वतः द्यायची नाही. १८ वर्षांवरच्या दुसऱ्या कुणीतरी देऊन तसा पुरावा कोर्टात दाखल करायचा. त्यातही लॉस एंजेलिस, सॅन डिएगोसारख्या शहरांत मिसडिमिनर खटले सिटी अॅटर्नी, म्हणजे शहराचे सरकारी वकील, चालवतात. प्रत डिस्ट्रिक्ट अॅटर्नीकडे, म्हणजे काउंटीच्या सरकारी वकिलाकडे, गेली की तारीख वाया. ‘खटला कुणी चालवला?’ हा तुमचा प्रश्न आता आमच्याही तोंडात बसला आहे.

पण आमचे लोक तुमचे सर्वांत जास्त ऋणी आहेत ते एका आग्रहासाठी: आधी निकालाच्या प्रमाणित प्रती घ्या, मगच सील करा. सील झालेली अटक कायद्याने ‘झालीच नाही’ असं राज्य मानतं, केंद्राचं इमिग्रेशन खातं नाही. ग्रीन कार्डचा किंवा नागरिकत्वाचा फॉर्म प्रत्येक अटकेबद्दल विचारतो, सील केलेल्याही. तिथे ‘नाही’ लिहिणं मूळ अटकेपेक्षा महागात पडतं. खरं लिहून सोबत प्रमाणित निकाल जोडायचा, आणि सील झाल्यावर तोच कागद मिळवताना दमछाक होते. दोन-तीन प्रती काढून ठेवा, एक घरच्यांकडे द्या, हे तुम्ही प्रत्येकाला बजावता. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावरच्या मुलांना तर अर्जाआधी इमिग्रेशन वकिलाला भेटायला लावता.

जे मिळत नाही तेही तुम्ही कधी लपवलं नाही. कागद नष्ट होत नाहीत. पोलीस आणि सरकारी वकिलांना ते दिसतात, पुढच्या खटल्यात वापरताही येतात. नर्सिंगसारखा सरकारी परवाना किंवा पोलिसातली नोकरी मागताना थेट विचारलं तर सांगावंच लागतं. नोंद पुढे नष्टच व्हावी असं वाटत असेल तर कलम ८५१.८ खाली वस्तुतः निर्दोष असल्याचं सिद्ध करावं लागतं. तो रस्ता फार चढाचा, आणि साधारणपणे अटकेपासून किंवा आरोपपत्र दाखल झाल्यापासून, जे नंतर घडलं असेल त्यापासून, दोन वर्षांच्या आत धरायचा. निर्दोष सुटलेल्या माणसाला हे ऐकताना वाईट वाटतं. तुम्ही त्याचं सगळं बोलणं ऐकून घेता आणि तरी खोटी आशा दाखवत नाही.

आदेश हाती पडल्यावरही तुमची फाइल बंद होत नाही. काही आठवड्यांनी रॅप शीट पुन्हा मागवायला लावता. खासगी पार्श्वभूमी तपासणाऱ्या कंपन्यांना आदेशाची प्रत पाठवायचं पत्र तयार करून देता, त्यात सील केलेली अटक पसरवल्यास प्रत्येक वेळी ५०० ते २,५०० डॉलर दंड होऊ शकतो हे वाक्य घालून. त्या पत्राचा आणि कागदपत्रांच्या यादीचा मराठी मजकूर आम्ही तयार केला आहे. तो केंद्रात ठेवायला तुमची परवानगी हवी आहे.

मनापासून आभार.

आपले कृतज्ञ,
मराठी दुभाषी स्वयंसेवक