कर्करोगाची जनुकीय चाचणी : आधी समुपदेशन हवे

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

कर्करोगाची आनुवंशिक जोखीम सांगणाऱ्या रक्तचाचण्या आता नागपुरातही करता येतात. खासगी प्रयोगशाळेचा माणूस घरी येऊन नमुना घेऊन जातो आणि काही आठवड्यांनी अहवाल मोबाइलवर येतो; पण ही चाचणी मुळात करावी का आणि अहवालाचे पुढे काय करावे, हे सांगणारा जनुकीय समुपदेशक सामान्य रुग्णाला सहजासहजी भेटत नाही. माझी तक्रार चाचणीबद्दल नाही, या क्रमाबद्दल आहे.

एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्केच आनुवंशिक असतात. (तंबाखू-सुपारीचा खर्रा खाऊन झालेल्या तोंडाच्या कर्करोगाचे खापर आपल्याकडे नशिबावर फोडले जाते, ते आता जनुकांवर फुटू नये.) मात्र ज्या कुटुंबांत असा जनुकीय दोष असतो तिथे धोका मोठा असतो. स्तनाच्या कर्करोगाशी संबंधित जनुक सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे अमेरिकी शास्त्रज्ञ मेरी-क्लेअर किंग यांनी १९९० मध्ये दाखवले; बीआरसीए-१ हे ते जनुक १९९४ मध्ये आणि बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षी हाती लागले. डीएनएतील मोडतोड दुरुस्त करणे हे या जनुकांचे काम. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानुसार, बीआरसीए-१ मध्ये दोष असलेल्या स्त्रीला वयाच्या ऐंशीपर्यंत स्तनाचा कर्करोग होण्याची शक्यता सुमारे ७२ टक्के आणि बीजाशयाच्या कर्करोगाची सुमारे ४४ टक्के असते.

हा दोष आईकडून जितका येतो तितकाच वडिलांकडूनही येऊ शकतो, आणि नेमके इथेच आपले घोडे अडते. 'घरात कुणाला कॅन्सर होता का?' असे ओपीडीत विचारले की उत्तर 'नाही' येते, कारण लग्न होऊन वर्ध्याला किंवा यवतमाळला गेलेली आत्या आपल्या हिशेबी 'घरातली' उरलेली नसते. आजीच्या आजाराचे तर नावच कुणी घेतलेले नसते. 'पोटात पाणी झाले आणि गेली' एवढेच सांगितले जाते, आणि ते कदाचित बीजाशयाच्या कर्करोगाचेही लक्षण असू शकते. समुपदेशक पुरुषांसाठी चौकोन आणि स्त्रियांसाठी वर्तुळे काढून तीन पिढ्यांची वंशावळ मांडतो, आजार झालेल्यांची खूण भरतो आणि प्रत्येकाचे निदानाचे वय विचारतो, तेव्हा कुठे ही माणसे कागदावर येतात. शक्य असेल तर चाचणी आधी आजारी व्यक्तीची करावी लागते, हेही त्याच बैठकीत कळते. नाहीतर घरातला दोष नेमका कोणता हेच माहीत नसताना निरोगी मुलीच्या 'दोष आढळला नाही' या अहवालावर विसंबून सगळे घर निर्धास्त होते.

दुसरी अडचण 'अर्थ अनिश्चित' असा शेरा असलेल्या अहवालांची. जगातील जनुकीय माहितीसाठ्यात युरोपीय वंशाच्या लोकांचा भरणा असल्यामुळे आपल्याकडच्या माणसाच्या जनुकातला एखादा बदल निरुपद्रवी आहे की घातक, हे अनेकदा ठरवता येत नाही. जीनोमइंडिया प्रकल्पाने १०,००० भारतीयांची जनुकीय माहिती जानेवारी २०२५ मध्ये संशोधकांना खुली केली, हे चांगलेच झाले. तरीही अशा अनिश्चित शेऱ्यावरून बीजाशय काढण्यासारखा निर्णय घेऊ नये, हे असा अहवाल हाती आलेल्या बाईला समोर बसून कुणीतरी सांगायलाच हवे.

सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराच्या तपासणीमुळे विदर्भाला वाहक (स्वतः आजारी नसूनही दोष पुढच्या पिढीला देऊ शकणारा) म्हणजे काय हे नव्याने शिकवावे लागत नाही. पण नीट समजावून न सांगता हाती दिलेला अहवाल मुलीच्या लग्नाच्या बोलणीत कसा आडवा येतो, हेही आपण पाहिले आहे. जनुकांच्या आधारे आरोग्य विमा आणि नोकरीत भेदभाव करण्यास अमेरिकेने २००८ मध्ये कायद्याने मनाई केली. आपल्याकडे तसा स्वतंत्र कायदा नाही, म्हणून गोपनीयतेची हमी रुग्णालयानेच लेखी द्यावी.

नागपुरातल्या मेडिकल आणि मेयो या सरकारी रुग्णालयांमध्ये आठवड्यातून निदान एक दिवस प्रशिक्षित जनुकीय समुपदेशक बसावा आणि कर्करोगाच्या केसपेपरवर माहेर-सासरचा भेद न करता आई आणि वडील अशा दोन्ही बाजूंच्या नातेवाइकांसाठी स्वतंत्र रकाने असावेत, ही वैद्यकीय शिक्षण विभागाला विनंती.

आपला,
एक निवृत्त जीवशास्त्र शिक्षक, मानेवाडा, नागपूर