खिशाचं बटण लावणाऱ्या मामांना

मामा,

तुमच्या घरी दोनदा येऊन गेलो. दोन्ही वेळा चहा पिऊन, पावसापाण्याच्या गप्पा मारून परतलो. बोलायचं होतं ते तोंडातून निघालंच नाही. म्हणून इथे चारचौघांत लिहितो. तुम्ही मोबाइलला हात लावत नाही, पण तुमची नात वाचून दाखवील.

दोन महिने होत आले. वायंगण, म्हणजे पावसाळ्यानंतरचं भात, पोटरीत आलंय. तरी अजून डोळा लागता लागता ट्रॅक्टरचं बॉनेट वर येताना दिसतं आणि समोरची माडांची रांग त्याच्यामागे बुडते.

मी खाणीवर टिपर चालवलेला माणूस. २०१२ मध्ये खाणी बंद पडल्या, मग थोड्या चालल्या, मार्च २०१८ मध्ये परत बंद. आपल्या गोव्यात, त्यातून डिचोलीत, कुणाला वेगळं सांगायला नको. टिपर दारात गंजला, मिळेल त्या भावाला गेला. दसऱ्याला ट्रॅक्टर घेतला तेव्हा डोक्यात एकच हवा: एवढी वर्षं माल भरून चढउतार केली, याच्यात काय शिकायचंय?

विकणाऱ्यांनी हार घातला, पेढा भरवला, फोटो काढला. मागे माती घुसळणारा रोटाव्हेटर, त्याला ट्रॅक्टरच्या ताकदीने फिरवणाऱ्या शाफ्टवरचं प्लॅस्टिकचं कव्हर मात्र त्यांच्याच माणसाने उतरवून बाजूला टाकलं. म्हणे ग्रीस मारताना आड येतं. मिनिटाला ५४० फेरे घेणारी ती दांडी, म्हणजे सेकंदाला ९. टॉवेलाचं टोक तिच्यात गेलं तर ‘आई गं’ म्हणायलाही सवड नाही. हे पेढे देणाऱ्याने सांगायचं की शेजारच्या वाड्यावरच्या म्हाताऱ्याने? (म्हातारा म्हटलं, राग मानू नका.)

त्या दिवशी मागची चाकं चिखलात रुतली. मेरेवर, म्हणजे बांधावर, सहा-सात जण, सगळे आपलेच. माडाचा ओंडका आणला, मागच्या चाकांपुढे आडवा टाकला, साखळीने चाकांना बांधला. चाकं त्याच्यावर चढतील आणि ट्रॅक्टर आपोआप बाहेर येईल, असा हिशेब. दोघांनी शूटिंगसाठी मोबाइल काढलेले. ‘ताण! ताण!’ मी ताणलं. चाकं अडली ती अडलीच, आणि नाक उचललं. माझ्या डोक्यावर ना टप, ना लोखंडी कमान.

‘क्लच दाब!’ एवढाच एक आवाज वेगळा आला. माझ्या डोक्याने तो ऐकला नाही, पायाने ऐकला. नाक धप्पकन खाली बसलं.

तुम्ही धावत आला होता. एक चप्पल चिखलात राहिली होती. ‘चाक फिरलं नाही तर ट्रॅक्टर फिरतो,’ एवढंच म्हणालात. उलटायला दोन सेकंदही लागत नाहीत, हे नंतर सांगितलंत, मी पाणी प्यायल्यावर.

ट्रॅक्टर कसा काढलात ते लिहीत बसत नाही. कुदळीने चिखल उपसला आणि पुढे न ताणता मागे घेतला, एवढंच. शूटिंगवाले तोवर घरी गेले होते.

खरी गोष्ट त्याच्यानंतरची. कोरड्या जागी आल्यावर बघितलं तर रोटाव्हेटरच्या पात्यांना कुंपणाची जुनी तार आणि पेंढा गुंडाळलेला. तुम्ही इंजिन बंद केलंत. तोच ओंडका लोटत आणून उचललेल्या रोटाव्हेटरखाली सारलात. नुसत्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली हात घालायचा नाही म्हणालात. मग चावी काढलीत, माझ्या शर्टाच्या खिशात घातलीत, ‘ही तुजेकडेन दवर’, तुझ्याकडे ठेव, म्हणालात आणि खिशाचं बटण लावलंत. चिखलाने माखलेल्या बोटांनी. बटण दोनदा निसटलं. तिसऱ्यांदा लागलं. मग गुडघे टेकून पात्यांत हात घातलात.

मामा, अर्ध्या तासापूर्वी मी उताणा पडलो असतो. सगळ्या गावासमोर गाढव ठरलो होतो. तुम्ही चावी स्वतःच्या कमरेला लावू शकला असता, तेच शहाणपणाचं. पण तुमचे दोन्ही हात त्या पात्यांत असताना चावी माझ्याकडे होती. मी खिशावर तळहात दाबून उभा राहिलो. तार निघेपर्यंत हात काढला नाही.

उपदेश करणाऱ्यांची आपल्याकडे वाण नाही. नवा धंदा काढला की दहा जण सांगायला येतात, बुडाला की तेच ‘मी बोललोच होतो’ म्हणतात. चुकलेल्याला त्याच घडीला परत कामाचा माणूस समजणारा मला तरी याआधी भेटला नव्हता. खाणीवर एवढी वर्षं काढली, तिथेही नाही.

शाफ्टवर कव्हर परत बसवलंय. रस्त्यावर निघताना दोन्ही ब्रेकची पेडलं कडीने जोडतो. एकच दाबलं तर एकच चाक धरतं, हे टिपरवाल्याच्या डोक्यात शिरायला वेळ लागला. बायको कुरकुरते की आता बिनखिशाचा शर्ट चालत नाही तुम्हाला. तिने दोन जुन्या शर्टांना खिसे शिवून दिलेत, बटणासकट.

कापणी झाली की पहिली गोण तुमच्याकडे येईल. उकडे तांदूळ हवे की न उकडलेले सुरय, तेवढं नातीकडून कळवा.