नागरिकत्वाबद्दल, जरा सविस्तर

ती. बाबा आणि आई,
सा. न. वि. वि.

परवा बाबा फोनवर एवढंच म्हणाले, "म्हणजे आता ख्रिश्चनांच्या देशाची झालीस," आणि फोन आईकडे दिला. ते मनातून जात नाही, म्हणून लिहितेय. ब्रिटिश नागरिकत्वाचा अर्ज मंजूर झालाय, शपथविधी पुढच्या महिन्यात आहे.

बाबा, तुमचं म्हणणं खोटं नाही. इंग्लंडचा राजा चर्च ऑफ इंग्लंडचाही प्रमुख असतो. त्या चर्चचे 26 बिशप संसदेच्या वरच्या सभागृहात, हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये बसतात. चिनूच्या सरकारी शाळेतली रोजची प्रार्थनाही कायद्यानं मुख्यतः ख्रिस्ती वळणाची. पण शेजारच्या वेल्समध्ये 1920 सालीच चर्च सरकारपासून वेगळं झालं. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्स मिळून 46.2 टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हटलं, 37.2 टक्क्यांनी 'कुठलाच धर्म नाही' असं लिहिलं. आमच्या लेस्टरमध्ये तर ख्रिस्ती जेमतेम पाव हिस्सा, मुसलमान जवळपास तेवढेच आणि हिंदू 17.9 टक्के. हे घर ख्रिस्ती माणसांनी बांधलंय, देव्हाराही त्यांचाच आहे. पण राहायला आलेल्याला तिथे हात जोडायची सक्ती नाही. मला तरी तो देश असा दिसतो.

शपथ राजाशी निष्ठेची असते, ती घ्यावीच लागते. मात्र देवाचं नाव घ्यायचं की नाही, हे आपण ठरवायचं. ही मुभा सहज मिळालेली नाही. नास्तिक चार्ल्स ब्रॅडलॉ 1880 मध्ये निवडून आले, तर त्यांना 1886 पर्यंत संसदेत धड बसू दिलं नाही. मग देवाचं नाव न घेता प्रतिज्ञा करू देणारा 1888 चा कायदा त्यांनीच करून घेतला. बाबा, हेच ते 1889 च्या मुंबई काँग्रेसला आलेले ब्रॅडलॉ. मी देवाचं नाव घेणार आहे. कुठला देव, ते कुणी विचारत नाही. माझ्या डोळ्यांसमोर वाईचा ढोल्या गणपती असेल.

आणि 2023 च्या राज्याभिषेकात बायबलमधला उतारा वाचणारे पंतप्रधान ऋषी सुनक हिंदूच होते, खासदारकीची शपथ गीतेवर घेतलेले.

चिनूला शाळेच्या प्रार्थनेतून काढून घ्यायचा हक्क आम्हाला आहे. आम्ही तो वापरणार नाही. नाताळच्या नाटकात तो मेंढपाळ झाला म्हणून बाबांना वाईट वाटलं, पण तुम्हीच मिशनच्या शाळेत शिकलात ना? संध्या सुटली का तुमची? चिनू रात्री रामरक्षा म्हटल्याशिवाय झोपत नाही, आई. 'रामाय रामभद्राय' तुझ्याच चालीत म्हणतो. ती चाल ऐकली की मला तुझ्या मांडीवर डोकं ठेवावंसं वाटतं.

हे सगळं कशासाठी, तर बाबांच्या अँजिओप्लास्टीच्या वेळी माझे व्हिसाचे कागद अडकले होते आणि मला निघता आलं नाही. ते पुन्हा नको. भारतीय पासपोर्ट परत करावा लागेल, आपल्याकडे दोन नागरिकत्वं चालत नाहीत. त्याच्या जागी ओसीआय कार्ड, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळतं ते, काढणार आहे. मग यायला व्हिसा लागणार नाही. मत देता येणार नाही, याचं मला खरंच वाईट वाटतंय. शेतजमीन विकत घेता येणार नाही, पण वारशानं मिळू शकते, तेव्हा वाईच्या जमिनीवरून अप्पाकाका काही म्हणाले तर त्यांना हे सांगा. नानांच्या वेळेसारखं काही होणार नाही.

तुमच्यासाठी खालची खोली तयार आहे. जिना चढायचा नाही, बाथरूममध्ये हँडल बसवलंय. देवांसाठी पूर्वेची भिंत मोकळी ठेवलीय, आई.

आता ऐका. बाबा, रक्त पातळ होण्याची गोळी मनानं बंद करायची नाही, आणि लोणच्याची बरणी जेवणाच्या टेबलावर नको. आई, गुडघ्याचा पट्टा बांधल्याशिवाय बाजारात जाऊ नकोस, शेजारच्या वहिनींना सोबत ने. दोघांच्याही रक्ताचे रिपोर्ट रविवारपर्यंत व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवा, फोटो नीट काढून. बाबा, रविवारी फोन तुम्ही घ्या. लगेच आईकडे देऊ नका.

तुमची,
मनू