मृगाच्या आधी टाकी निघू द्या

तीर्थरूप आई-बाबांना,
शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर बोलले असते तर बाबांचा आवाज चढला असता आणि मी गप्प बसले असते, म्हणून लिहिते. मागच्या अंगणात पुरलेली जनरेटरच्या डिझेलची टाकी काढायचं मी ठरवलंय. माणसं सांगून झाली. मंगळवारी सकाळी सहाला रामबागेत येतील.

बाबा, तुम्ही टाकी चोखच बसवली होती. पण आपली काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते आणि दरवर्षी पाइपांचे सांधे ओढते. आत दमट हवेचं पाणी तळाशी साचतं, पाणी आणि डिझेल जिथे भेटतात तिथे जंतू वाढतात आणि पत्रा आतून कुरतडला जातो. विहीर पंधरा पावलांवर आहे हो. नुसती रिकामी करून ठेवू म्हणाल, तर हजार लिटरची रिकामी टाकी जेमतेम दीडशे किलोची. भोवती पाणी भरलं की तिला वर ढकलणारा जोर हजार किलोच्या घरात जातो आणि ती फरशी उचकटून वर येते. म्हणून मृगाच्या आधी.

आई, लाइट गेल्यावर काय, ही काळजी करू नकोस. इन्व्हर्टर आधी बसेल, टाकी नंतर निघेल. बाबांचा पंखा, नेब्युलायझर, तुझ्या ओट्यावरचा दिवा, सगळं चालेल. जनरेटरच्या वासानं माझं डोकं धरायचं तेव्हा तू पदरानं वारा घालत बसायचीस. आता तो धूर बाबांच्या छातीलाही नको.

आता नीट ऐका. पंप, ड्रम आणि टाकी अर्थिंगच्या तारेनं जोडल्याशिवाय डिझेल उपसू देऊ नका. वाहत्या डिझेलमध्ये स्थिर वीज साठते. हवेचा पाइप शेवटपर्यंत उघडा राहू द्या. तळाचा आठ-दहा सेंटिमीटर गाळ लांब दांड्यानं बाहेरूनच ओढायचा, आत कोणी उतरायचं नाही. वाफ हवेपेक्षा जड, तळाशी बसते. माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध होतो. गाळ गटारीत नाही, झाकणाच्या ड्रममध्ये. प्रदूषण मंडळाची परवानगी असलेला माणूस नेईल, पावती घ्या.

डिझेल म्हणजे पेट्रोल नव्हे, हे खरं बाबा. पण त्याचा फ्लॅश पॉइंट, म्हणजे ज्या तापमानाला त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकते तो, किमान 35 अंश असावा एवढंच मानक सांगतं, आणि इंदूरला दुपारी पारा चाळिशीत आहे. भरलेल्या टाकीपेक्षा रिकामी घातक, कारण आत वाफ आणि हवा दोन्ही. मीटरनं ती वाफ वर, मध्ये, तळाशी मोजतील. हवेत निदान जेवढी वाफ असली तर स्फोट होऊ शकतो, त्या खालच्या मर्यादेच्या 10 टक्क्यांखाली आकडा आला तरच कापणं, तेही हॅकसॉनं. गॅस कटर किंवा ग्राइंडर दिसला तर काम थांबवा आणि मला फोन लावा. तुम्ही दोघं पुढच्या ओसरीवरच बसा.

आई, टाकी धुवून पाण्याला ठेवू नकोस. गंजात डिझेल मुरलेलं असतं. भंगारवाल्यालाही अख्खी देऊ नका, दोन्ही टोकं कापूनच द्या. वास येणारी माती सगळी काढायला लावा. खड्ड्यात मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांनी, प्रत्येक थर धुम्मसानं ठोकून. विहिरीचं पाणी तपासून येईपर्यंत प्यायला नर्मदेचंच घ्या.

आणि भिंतीबाहेरचं भरायचं तोंड त्याच दिवशी उपटून भोक सिमेंटनं बुजवा. टाकी गेली आणि तोंड राहिलं, तर कोणी सवयीनं त्यात डिझेल ओतेल आणि ते थेट मातीत जाईल.

तुमची,
मनू