कांद्याची चाळ फोडावी की थांबावं

कुर्ला, मुंबई
११ जून २०२५

प्रिय दत्ता,

सप्रेम नमस्कार.

तुझा फोन आला तेव्हा मागं गाडी खाली होत होती, शेठ हाका मारत होते, त्यामुळं धड बोलणं झालं नाही. तू दोनच गोष्टी विचारल्यास. कांदा साठवलेली चाळ आता फोडून माल विकायला काढू की श्रावणापर्यंत थांबू, आणि सोयाबीन टाकू का. "कळवतो" म्हणालो आणि फोन ठेवला. असल्या गोष्टी फोनवर सांगितल्या की निम्म्या वाऱ्यावर जातात, शिवाय तुझा पोरगा शेजारी बसून मधेच "काका, ॲप काय म्हणतंय बघा" करतो. म्हणून कागदच घेऊन बसलोय. काल वटपौर्णिमा झाली, आज मार्केटातून जरा लवकर सुटलो, घरात निवांत आहे.

आधी कांद्याचं. इथं तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात मे संपल्यापासून जो माल उतरतोय, त्यात सरळ दोन जाती पडल्यात आणि त्यांचा बियाण्याशी काही संबंध नाही. एक एप्रिलात निघालेला, दुसरा मेच्या पावसात सापडलेला. गोणीत दोन्ही सारखेच दिसतात. परवा समोरच्या गाळ्यावर एक गाडी उतरली. मापाड्यानं गोणीची शिवण उसवली, वरचे कांदे कसे लालबुंद, एकसारखे, बघतच राहावं असे. गिऱ्हाईक जुनं होतं. त्यानं वरच्यांकडं बघितलंही नाही. कोपरापर्यंत हात खाली घातला आणि मधला एक काढला. पत्ती, म्हणजे वरची साल, सगळी हातात सुटून आली, खाली ओलसर पांढुरका गड्डा. मान अंगठ्यानं दाबली तर अंगठा आत गेला. दुसरा काढला, त्याच्या मानेपासून निम्म्यापर्यंत काळ्या बुरशीची काजळी उतरलेली. तिसरा काढलाच नाही. चकार शब्द न बोलता हात पुसले आणि पुढच्या गाळ्यावर गेला. शेतकऱ्याच्या विक्रीच्या हिशोबाच्या पट्ट्या लिहायचं काम माझं, त्यामुळं अशा मालाची पट्टी कशी लागते ते मला सवयीचं आहे. गाडीभाडं, हमाली, तोलाई वजा करून खाली जो आकडा उरतो, तो लिहिताना पेन जड होतं रे.

त्या शेतकऱ्यानं काही कमी केलं असेल असं नाही. पाणी तोडलं असणार, माना पडू दिल्या असणार, उपटून पातीखाली झाकून सुकायला टाकला असणार, आपण करतो तसंच. पण उन्हाळी कांदा लावतानाच आपण एप्रिल-मेचं ऊन आणि कोरडा वारा गृहीत धरलेला असतो. काढणीनंतर मान सुकून मिटली की बुरशीला आत शिरायला वाट राहत नाही. मान ओली राहिली की कांदा वरून कितीही देखणा असो, आतून कामाला लागलेला असतो.

आणि यंदा नेमका तोच वेळ पावसानं खाल्ला. अरबी समुद्रात कोकण-गोव्यासमोर कमी दाबाचा पट्टा झाला, तो २४ मेला रत्नागिरी आणि दापोलीच्या मधे किनाऱ्यावर चढला. त्याच दिवशी मान्सून केरळात पोचला आणि दोन दिवसांत, २६ मेला, मुंबईत. इथली त्याची नेहमीची तारीख ११ जून, म्हणजे आजची! याआधी लवकरात लवकर आला होता तो २९ मेला, १९५६, १९६२ आणि १९७१ साली. कुलाब्याला तर मे महिन्यातल्या पावसाचा १९१८ सालचा विक्रम मोडला. त्या सोमवारी लोकलचा पार खोळंबा. रस्त्यात माणसं गुडघाभर पाण्यात उभी राहून फोटो काढत होती, उकाड्यातून सुटलो म्हणून खुशीत होती. गाळ्यावर पोचलो तर फोन थांबत नव्हते. मंचर, संगमनेर, निफाड, जिकडून तिकडून एकच रड. कांदा रानात उघडा पडलाय आणि ताडपत्री मिळत नाही. एकाच पावसाची ही दोन टोकं एका सकाळी बघायला मिळणं, हे आमच्या मुंबईच्या नोकरीचं वैशिष्ट्य म्हण.

तुझा कांदा हनुमान जयंतीच्या आसपासच निघाला, त्यामुळं तू त्या रडगाण्यात नाहीस. पण चाळीत टाकला म्हणजे सुटला असंही यंदा नाही. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधनवाल्यांचं सांगणं तुला पाठ आहे. चाळीत २५ ते ३० अंश तापमान आणि ६५ ते ७० टक्के आर्द्रता असली की कांदा टिकतो. दरवर्षी मे कोरडा जातो, कांदा चाळीत बसूनही आणखी सुकतो, पत्ती पक्की होते आणि मग जुलै-ऑगस्टच्या दमट हवेला तो तोंड देतो. यंदा तो मधला कोरडा महिना त्याला मिळालाच नाही. आणि आता बघ, पाऊस दडी मारून बसलाय, दिवसा ऊन, रात्री घामट हवा. सडायला याहून सोयीचं हवामान नाही.

म्हणून माझं म्हणणं असं, की सगळी चाळ फोडू नकोस आणि सगळी राखूही नकोस. तुझ्या चाळीचा पश्चिमेकडचा कप्पा, जिथलं शेडनेट फाटलंय आणि तू दोन वर्षं "बदलतो, बदलतो" म्हणतोयस, तो आधी उघड. वरचे कांदे बघून समाधान मानू नकोस. त्या गिऱ्हाइकासारखा हात खाली घाल, तळाच्या बांबूपर्यंत. तिथले शंभर कांदे पाटीत काढ आणि एकेकाची मान दाबून बघ. दहाच्या वर मऊ निघाले तर तो कप्पा निवडून लगेच गाडीत भर, भावाची वाट बघू नकोस. मधला कप्पा कोरडा असेल तर त्याला हात लावू नकोस, उगाच हलवलास तर पत्ती उडेल. आणि थर साडेचार-पाच फुटांच्या वर गेला असेल तर वरचा कमी कर, खालच्याला हवा मिळू दे.

भावाबद्दल मी तुला खोटी आशा लावणार नाही. १ एप्रिलपासून २० टक्के निर्यातशुल्क उठलं, तेव्हा सगळ्यांना वाटलं आता मालाला उठाव येईल. आला नाही. त्यात भिजलेला माल लोकांनी घाबरून बाजारात ओतला आणि त्यानं चांगल्या मालाचाही भाव खाली ओढला. "हा ओला माल संपू दे, चाळीतला निम्मा सडेल, मग बघा श्रावणानंतर," असं इथले शेठ लोक छातीठोक सांगतात. सांगू देत. दरवर्षी सांगतात आणि सांगायला पैसे पडत नाहीत. थांबायचं तर वजनाची घट, कांदा निवडायची मजुरी आणि सडका टाकून द्यावा लागेल तो, एवढं सगळं धरून हिशोब कर. मधल्या कप्प्याचा कांदा या हिशोबातही थांबायच्या लायकीचा आहे असं मला वाटतं. पश्चिमेचा नाही.

फळबाजाराचंही तसंच झालं. कोकणातला हापूस तर कधीच आटोपला. शेवटच्या पेट्यांत एकेका फळावर करप्याचे काळे ठिपके. पहिल्या पावसानंतर मुंबईचं गिऱ्हाईक आंब्याकडं वळूनही बघत नाही ते वेगळंच. आता घरात आहेत ते आंबे आपल्या जुन्नरकडचे, ही म्हणते हेच बरे. आमच्या गाळ्यावरचा लांज्याचा माथाडी सांगत होता, त्यांच्याकडं रोहिणीत कोरड्या मातीतच भाताची धूळवाफ पेरणी करतात, पण यंदा रोहिणी लागायच्या आधीच रान भिजून गेलं. रोपांची जागा भाजायला, म्हणजे राबासाठी, रचलेला पाला-शेण तसंच ओलं पडून राहिलं. रोपवाटिका कशीबशी टाकली तर आता वरून ऊन. तो भात लावणीला गावी जातो, यंदा सुट्टी कधीची मागू तेच त्याला ठरवता येईना.

आता सोयाबीन. पोराचं म्हणणं मला कळतं. मेमध्ये एवढा पाऊस झाला, खाली ओल आहे, रविवारी मृग लागला, टाकून मोकळं व्हावं. तालुक्यात काही जणांनी टाकलंही असेल. पण दत्ता, तो पाऊस दाबाच्या पट्ट्यानं आणून ओतलेला होता, मागून येणारी धार त्याला नव्हती. मान्सूनची रेघ मुंबई-अहिल्यानगरवर येऊन थांबली ती २६ मेपासून तिथंच आहे, म्हणजे बरोबर आपल्या डोक्यावर. वरचा थर सुकून त्याला पापडी आली असणार. बी पडतं तीन-चार सेंटिमीटरवर आणि ओल त्याच्या खाली. बी अर्धवट फुगतं, कोंब डोकं काढतो आणि आठ दिवस ऊन पडलं की तिथंच मान टाकतो. मग दुबार पेरणी, दुबार बियाणं, दुबार ट्रॅक्टर. कृषी खातं सांगतं ७५ ते १०० मिलिमीटर झाल्याशिवाय पेरू नका. पोरगा म्हणेल मेमध्ये त्याच्याहून जास्त झालाय. झालाय ना, पण तो उडूनही गेला. खातं बोलतंय ते पेरणीच्या तोंडावरच्या पावसाबद्दल.

त्याला आकड्यावरून वाद घालू नको म्हणावं, रानात घेऊन जा. ओढ्याच्या बाजूच्या काळ्या पट्टीत वीतभर खणायला लाव आणि तिथली माती मुठीत दाबायला लाव. लाडू वळला आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडल्यावर फुटला तर वाफसा आहे, म्हणजे पेरणीजोगी ओल. तसाच चिकटून राहिला तर अजून ओलं, आणि वळलाच नाही तर प्रश्नच मिटला. मग तीच परीक्षा वरच्या मुरमाड तुकड्यात करू दे. दोन्हीकडं उत्तर वेगळं येईल आणि माझ्या मते वरच्या तुकड्यात आज लाडू वळणारच नाही. सोयाबीनला १५ जुलैपर्यंत वेळ आहे. तोवर घरच्या बियाण्याची उगवण बघून घ्या. शंभर दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवायचे, सत्तरच्या वर कोंब आले तर नेहमीचं एकरी तीस किलो पुरे, कमी आले तर तेवढं बी वाढवायचं. आणि पोती उंचावरून आदळू देऊ नकोस, सोयाबीनचं साल फार नाजूक.

हे कोरडे दिवस मात्र हातचे घालवू नकोस. मेच्या पावसानं तण झकास उगवलं असेल, त्यावर कुळवाची एक पाळी मार. आत्ता मेलेलं तण म्हणजे पुढची अर्धी खुरपणी वाचली. या अवकाळीचा मला दिसणारा फायदा एवढाच. तोटा दुसरा आहे. नांगरट मेच्या उन्हात तापते, किडींचे कोष उघडे पडून मरतात, ते यंदा झालेलं नाही. म्हणून मुळं खाणाऱ्या हुमणीच्या अळीवर डोळा ठेव. अंधार पडला की तिचे भुंगेरे बांधावरच्या कडुलिंबावर आणि बाभळींवर जमतात, फांद्या झोडून गोळा करा आणि मारून टाका. फक्त उसाच्या कडेला एकटा जाऊ नकोस, बॅटरी आणि दोन माणसं बरोबर घे. बिबट्याला हुमणीत रस नसतो.

माझ्या वाट्याचं रान तूच कसतोस आणि मी इथं पंख्याखाली बसून सल्ले देतोय, सांगायला मलाही पैसे पडत नाहीत. म्हणून आधीच सांगतो, माझ्या तुकड्यातली पेरणी थांबवल्यानं काही कमी-जास्त झालं तर ते माझ्या अंगावर. बियाण्याचे आणि कुळवाच्या पाळीचे निम्मे पैसे उद्या तुझ्या खात्यावर टाकतो. नवीन शेडनेटचेही निम्मे टाकतोय, आता तरी बदल.

आळेफाट्याहून रात्री सुटणाऱ्या टेम्पोत दोन गोण्या नमुना पाठव, एक पश्चिमेच्या कप्प्यातली, एक मधली. गोणीवर खूण कर, नाहीतर इथं सगळा एकच गोंधळ होतो. दोन्ही गाळ्यावर फोडून गिऱ्हाइकाला दाखवतो आणि भाव तुला त्याच दिवशी कळवतो.

काकूंचे गुडघे कसे आहेत? माउलींची पालखी १९ तारखेला आळंदीहून निघतेय, वहिनी यंदाही दिंडीला जाणार असतील तर पेरणीचं आणि त्यांच्या जाण्याचं आत्ताच जमवून ठेव, मागल्या खेपेसारखी भांडणं नकोत. पोरांना आशीर्वाद.

तुझा,
सुभाष

ता. क. पोराला सांग, येत्या दोन-तीन दिवसांत पाऊस परत जोर धरणार, हे ॲपवर मीही वाचलंय. पडू दे आधी.