नागपूर अधिवेशनाला गेलेल्या लेकीस

चि. बाळ,
अनेक उत्तम आशीर्वाद.

काल रात्री तू न जेवताच नागपूरला निघालीस, ते मनाला लागून राहिले आहे. तुझ्या आमदार कार्यालयातील खणात सही केलेल्या कोऱ्या लेटरहेडांचा गठ्ठा पाहिला आणि माझ्याने गप्प राहवले नाही. अधिवेशन चालू असताना लोकांची कामे अडू नयेत म्हणून तो ठेवला आहे, हे तुझे म्हणणे मला कळते. बदलीसाठी, दवाखान्यातील खाटेसाठी, वसतिगृहाच्या प्रवेशासाठी माणसे सकाळी सातपासून अंगणात येऊन बसतात आणि प्रत्येकाला पत्र आजच हवे असते. तुझा स्वीय सहायकही गुणी मुलगा आहे. परंतु त्या कोऱ्या कागदावर उद्या जो मजकूर उतरेल, त्याचा जाब तुलाच विचारला जाईल.

माझी सारी नोकरी सरकारी देयके तपासणाऱ्या उपकोषागारात गेली. देयकावरची सही नमुना सहीशी जुळली नाही, तर ते कितीही मोठ्या साहेबाचे असो, आक्षेप लिहून परत जात असे. त्या सवयीमुळे मला सगळीकडे सह्याच दिसतात, असे तू म्हणालीस, आणि ते खरेही असेल. तरीही शपथविधीच्या दिवशी तू शपथ घेऊन नोंदवहीत सही केलीस, तेव्हा दूरदर्शन संचासमोर बसलेल्या मला २८८ जणांत तुझेच वाकलेले डोके दिसत होते. लहानपणी तू माझ्या कचेरीतल्या रद्द भरणा-चलनांच्या पाठीमागे सही घोटायचीस. मधले नाव माझे की बाबांचे यावरून तुझे आणि दादाचे जुंपायचे, आणि आत्या दोघांनाही एकेक धपाटा द्यायची.

पावसाळी अधिवेशनात पुरवणी मागण्यांवर, म्हणजे अर्थसंकल्पाबाहेरच्या जादा खर्चावर, बोलण्याची पाळी तुला रात्री साडेनऊनंतर मिळाली. समोरचे बाक रिकामे होते, तरी तू आपल्या पाणीयोजनेचे आकडे कागदाकडे न पाहता मांडलेस. बाबा जेवणाचे ताट तसेच ठेवून ऐकत होते. नव्या सदस्याच्या वाट्याला अशाच वेळा येतात, त्याचे वाईट वाटून घेऊ नकोस. मात्र मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायच्या तारांकित प्रश्नांच्या यादीत पाच-सहा सदस्यांच्या नावांत तुझे नाव पाहून मी एकाबद्दल फोनवर विचारले, तेव्हा तो प्रश्न नेमका कशाविषयी होता हे तुला आठवेना. कोणीतरी कागद पुढे केला आणि तू सही केलीस. ज्या खात्याची माहिती त्या प्रश्नात मागितली होती, त्यात कोणाचे हितसंबंध अडकले होते, हे तुला ठाऊक नव्हते.

उपदेश करायचा नाही असे ठरवून लिहायला बसले होते. क्षमा कर, पण आता सुरुवात झालीच आहे, तर पुढचेही लिहिते.

१९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून राजकारणात सह्यांच्या कागदाला फार किंमत आली आहे. पक्षाचे एक-तृतीयांश आमदार फुटले तर अपात्रता टळायची, ती वाट २००३ च्या दुरुस्तीने बंद झाली आणि आता दुसऱ्या पक्षात विलीनीकरणासाठी दोन-तृतीयांश सदस्य लागतात. म्हणून एकेक सही मोजली जाते. बैठकीच्या हजेरीसाठी घेतलेल्या सह्या पाठिंब्याच्या म्हणून पुढे केल्याचा आरोप आपल्याच राज्यात २०१९ साली झाला. राजीनामेसुद्धा दबावाने लिहून घेतले जात, म्हणून १९७४ मध्ये घटनेची ३३वी दुरुस्ती करावी लागली. राजीनामा स्वेच्छेचा वा खरा नाही असे चौकशीअंती पटले, तर विधानसभेच्या अध्यक्षांनी तो स्वीकारायचा नसतो. घटनेलाच ज्याची धास्ती वाटली, त्याची तुझ्या आईला वाटली तर तू रागावू नयेस. रात्री अपरात्री कोणी ज्येष्ठ नेता खोलीवर बोलावून "फक्त इथे सही कर, बाकी आम्ही पाहतो" असे म्हणाला, तर वाचायला वेळ मागण्याचा तुला संकोच वाटेल. तू मोठ्यांपुढे संकोचतेस, हा गुण मीच कौतुकाने वाढवला.

नानांचे तुला आठवत नसेल, तू पाळण्यात होतीस. मित्राच्या कर्जाला ते जामीन राहिले, मजकूर न वाचता. आणि निवृत्तीपर्यंत पगारातून हप्ते कापले गेले. त्यांनी त्या मित्राला कधी एक शब्द सुनावला नाही. जेवताना मात्र कोणी "सही" म्हटले की त्यांचा घास थांबायचा. तुझ्यात त्यांचा भिडस्तपणा तंतोतंत उतरला आहे, म्हणून माझी झोप उडते. बाकी तू त्यांच्यापेक्षा कितीतरी हुशार आहेस, हेही मी आत्याजवळ रोज बोलते, तुझ्याजवळ बोलत नाही एवढेच.

आमदार निवासात थंडी फार असते म्हणतात; निळी शाल दादाबरोबर पाठवते आहे. पुढच्या आठवड्यात आम्हा दोघांना एक दिवस प्रेक्षक गॅलरीत बसून तुझे बोलणे ऐकायचे आहे. पाससाठी आमचा अर्ज दादा घेऊन येईल आणि त्यावर तुझी सही लागेल. तो आमचाच आहे, तरी आधी वाच.

तुझी,
आई