वस्तऱ्याच्या संचात सुरीचं माहितीपत्रक आणि खोलगट दगड

प्रति,
तक्रार निवारण अधिकारी,
ग्राहक सेवा विभाग

विषय : ‘नवशिक्यांसाठी वस्तरा धार संच’ सदोष असल्याबाबत

महोदय/महोदया,

आपल्याकडून ऑनलाइन मागवलेला वरील संच सांगलीला पोचला. बिलाची प्रत आणि फोटो सोबत जोडले आहेत. वस्तऱ्याबद्दल तक्रार नाही, पातं सरळ आहे. तक्रार दगडाची आहे आणि त्याहून जास्त माहितीपत्रकाची.

पत्रकातली दुसरी पायरी सांगते, ‘पात्याला क्लिप लावा, 20 अंशांचा कोन धरा.’ हे स्वयंपाकघरातल्या सुरीचं आहे, आणि तुमची क्लिपही सुरीचीच आहे. वस्तऱ्याला कोन धरावा लागत नाही. पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला टेकवायच्या, की कोन आपोआप बसतो. याच वस्तऱ्याचं मोजमाप घ्या : पाठीपासून धारेपर्यंत 16 मिमी, पाठीची जाडी 4.8 मिमी. दोन्ही बाजू मिळून कोन साधारण 17 अंश येतो. क्लिप लावली की पाठ सुमारे 3 मिमी वर उचलली जाते आणि तोच कोन 40 अंश होतो. अशी धार कागद कापेल, पण गालावर केस ओढेल. ती मोडून मूळ उतार परत आणायचा तर 1000 च्या दगडावर (आकडा जितका मोठा तितके दगडाचे कण बारीक) तासभर तरी घासावं लागतं.

आता दगड. 1000 आणि 3000 अशा दोन बाजूंचा, 60 मिमी रुंद. त्यावर स्टीलची पट्टी आडवी ठेवून उजेडाकडे धरली तर मधून प्रकाश दिसतो. फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) मोजलं तर 1000 च्या बाजूला 0.4 मिमी आणि 3000 च्या बाजूला 0.3 मिमी खोलगट. सुरीला एवढं चालून जातं, वस्तऱ्याला नाही. धारेच्या उतारावर काळा मार्कर फिरवून, हात हलका ठेवून दहा वेळा घासलं, तर शेंड्याकडची आणि मुठीकडची शाई गेली, मधल्या 25 मिमीवर तशीच राहिली. दोष पात्याचा म्हणावा तर तेच पातं काचेवर ठेवल्यावर खालून उजेड दिसत नाही. मग 1000 च्या बाजूवर पेन्सिलीने चौकटी आखल्या, 6 मिमी जाडीच्या काचेवर 400 चा वॉटर पेपर ओला करून चिकटवला आणि रेघा पूर्ण जाईपर्यंत दगड त्यावर घासला. नंतर मार्करची शाई सलग, टोकापासून टोकापर्यंत गेली. म्हणजे दोष कुठे होता ते उघड आहे. नवा दगडही आधी सपाट करून घ्यावा, ही एक ओळ पत्रकात कुठेच नाही.

चौथ्या चित्रात चामड्याच्या पट्ट्यावर पातं धार पुढे करून ओढलेलं दाखवलं आहे. दगडावर धार पुढे, पट्ट्यावर पाठ पुढे. आणि पट्ट्याच्या टोकाला पातं पाठीवरूनच उलटायचं. चित्राप्रमाणे केलं तर पहिल्याच फेरीत पट्टा चिरतो आणि धारही वळते.

‘3000 नंतर दाढीला तयार’ हा दावाही मागे घ्यावा. 3000 वर उतार घासून नीट होतो, पण धारेवर खरखरीत दाते राहतात आणि कातडी जळजळते. निदान 8000 चा दगड हवा, त्यानंतर पट्ट्यावर 40-50 फेऱ्या. शेवटच्या पानावर ‘धार गेल्यास जवळच्या धारवाल्याकडे द्या’ असा सल्ला आहे. आमच्याकडे धारवाला चाकावर ठिणग्या उडवत विळीला धार लावतो. विळीला ते ठीक. वस्तऱ्याची पातळ धार तिथे तापून निळी पडली की पोलादाचं पाणीच, म्हणजे कडकपणा, उतरतं. आणि पावसाळ्यात पातं कोरडं करून तेलाचा हात फिरवल्याशिवाय बंद डबीत ठेवलं तर गंज चढतो, त्याबद्दल अवाक्षर नाही.

एरवी पत्रकाचं एवढं मनावर घेतलं नसतं. पण सलूनमध्ये आता बदलत्या ब्लेडचा वस्तरा असतो, दगडावर वस्तरा लावणारा हात शोधावा लागतो. नवशिक्याला विचारायला पत्रकाशिवाय कोणी नाही, आणि धार बसली नाही की तो स्वतःच्या हातालाच दोष देणार.

मागणी अशी : दगड बदलून सपाट द्यावा किंवा दगडाचे पैसे परत करावेत, क्लिप संचातून काढावी, दुरुस्त पत्रक मराठीत पाठवावं, आणि 8000 चा दगड संचात द्यावा, नाहीतर ‘दाढीला तयार’ हे शब्द खोक्यावरून काढावेत. ई-कॉमर्स नियम 2020 प्रमाणे तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण एका महिन्यात अपेक्षित आहे. तसं न झाल्यास ग्राहक संरक्षण कायदा 2019 खाली सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगाकडे अर्ज करावा लागेल.

दगडाची 3000 ची बाजू मुद्दाम जशी आली तशीच ठेवली आहे. न्यायला माणूस पाठवाल तेव्हा आधी त्या बाजूवर पट्टी ठेवून बघायला सांगा.

आपला,
एक ग्राहक
विश्रामबाग, सांगली

सोबत : बिलाची प्रत, पट्टी व मार्कर चाचणीचे फोटो, माहितीपत्रकाची प्रत